चार नंबरच्या बॅगेत चेतू

विदा, मंगळवार

आई,

जाताना तू म्हणाली होतीस, कुणी गेलं तरच लिही, उगाच कागद वाया घालवू नकोस. तर कुणी गेलेलं नाही. आत्या ठणठणीत आहे. मी आहे. तुझं मला माहीत नाही, म्हणून विचारते. तू आहेस ना?

अक्षर वाकडं आलंय. एरवीही वाकडंच येतं, पण आज जास्त.

चेतू इथे आहे.

आत्याच्या लॉजच्या चार नंबरात. पाहुणीच्या बॅगेत. बुटांच्या शेजारी.

मला ताप नाहीये आणि मी स्वप्नातलं लिहीत नाहीये. आज सकाळी आत्या म्हणाली, चार नंबरची चादर बदल, मादाम फिरायला गेल्यात. मी गेले. पाहुण्यांच्या सामानाला मी हात लावत नाही, तूच शिकवलंस. पण बॅग पलंगावरच पडलेली, चेन उघडी. ती उचलल्याशिवाय चादर कशी काढणार? उचलली तर आतला टॉवेल घसरला आणि त्यातून एक पाय बाहेर आला. लाकडाचा, एवढासा. तळवा जळून काळा झालेला.

मला वाटलं बाजारातली बाहुली असेल. पाहुणे घेतात ना तसल्या, नव्याकोऱ्या, पॉलिश मारलेल्या. म्हणून मी टॉवेल नीट करायला गेले आणि कान दिसला. डावा कान. वरचा तुकडा नसलेला.

आई, तो तुकडा मी चावलाय, लहान असताना, ती लाकडाची होऊन घरी परत आली तेव्हा. तू आधी मला बदडलंस आणि मग आम्हा दोघींना मांडीवर घेऊन रडत बसलीस, म्हणालीस, आधीच एकदा सोडून गेलीये ती, तू परत घालवतेस का तिला? केसांच्या खाचांमध्ये नीळ आहे अजून. तोंड धुऊन धुऊन आपण गुळगुळीत केलेलं, नाक जवळजवळ उरलेलं नाही, ते तसंच. कंबरेची मण्यांची माळ तेवढी नाही.

मी फरशीवर बसले. पंखा फिरत होता, मच्छरदाणी हलत होती, आणि ती टॉवेलातून माझ्याकडे बघत होती.

मग काय केलं माहितीये? तिला परत गुंडाळलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्याची बॅग ना. चादर घातली. खोली झाडली. झाडून झाली तरी परत झाडली. बाहेर आले तेव्हा आत्या म्हणाली, "काय गं, भूत बघितलंस का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

तू तिला कंबरेला बांधून नेलं होतंस. फाटकातून जाताना तिचं डोकं तुझ्या लुगड्यातून वर आलेलं मी बघत होते. तू म्हणालीस, "झिन्सी, तिकडे मी दोन तोंडं नाही भरू शकत. तुला तोंड आहे, तू मागून खाशील. हिला मागता येत नाही, हिला माझ्याशिवाय कोण आहे?" आई, मागता मलापण येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? शाळेत उभं राहून वाचता येईना म्हणून तर मास्तरांनी घरी पाठवलं, आणि तूच म्हणालीस, जाऊ दे, राहू दे घरी.

पण मी रागावले नव्हते. निदान चेतू तुझ्याजवळ आहे, म्हणजे अर्धी मी तुझ्याजवळ आहे, असं धरून चालले होते. म्हणून विचारते, तुझ्या कंबरेची चेतू बेल्जियमच्या बाईच्या बॅगेत कशी आली? माझ्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक, तू तिला विकलंस. दुसरी मी लिहिणार नाही.

मादाम शनिवारी जाणार. इथून कोतोनू, तिथून विमान. समुद्रापलीकडे तिला चवळी कोण घालणार? तूच सांगायचीस, उपाशी जुळं दुसऱ्याला हाक मारतं, आणि हाक आली की जावंच लागतं. मला नाही जायचं आई. मी अजून कुठेच गेलेली नाही.

पत्र रॉद्रिगदादाकडे देतेय. तो रोज टॅक्सी घेऊन कोतोनूला जातो. म्हणाला, "पुलाखालच्या पाववाल्या बायकांत तुझ्या आईला मागे बघितलं होतं मी. असली तर देतो."

असलीस तर वाच.

झिन्सी


बुधवार

आई,

रॉद्रिगदादा अजून आला नाही. रस्त्यात गाडी बंद पडलीये म्हणे. मी तरी लिहून ठेवते.

आज मी तिला जेवू घातलं.

रात्रभर एकच डोक्यात, तिनं शेवटचं कधी खाल्लं असेल? पहाटे उठून चवळी शिजत घातली. आत्या म्हणाली, "आज काय सण आहे?" मी म्हटलं, खावीशी वाटली. पामचं लाल तेल घातलं, भरपूर, तिला आवडतं तसं. मादाम नाश्ता करून बाहेर गेल्या आणि मी वाटी पदराखाली घेऊन चार नंबरात शिरले. आधी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. मग थोडं तिच्या ओठांना, थोडं मी, थोडं तिला, थोडं मी. आपण तिघी बसायचो तसं. मी तिला म्हटलं, चेतू, मी आहे, घाबरू नकोस. मोठ्यानं म्हटलं. तिच्याशी बोलताना मला मोठ्यानं बोलता येतं.

जळलेल्या पायाला तेल लावलं. कसा गं जळला तो? चुलीजवळ ठेवत होतीस का?

मादामचं नाव योलांद. म्हाताऱ्या नाहीत, तरुणपण नाहीत. सगळ्यात स्वस्त खोली मागितली, बादलीनं आंघोळ करतात, मांजरांना पाव घालतात. मला वाटलं होतं कुणी दुष्ट बाई असेल. दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुपारी अंगणात मी कपडे वाळत घालत होते तर जवळ आल्या आणि हातात एक साबण ठेवला. छान कागदातला, लिंबाच्या वासाचा.

मी तशीच उभी. त्या म्हणाल्या, "घे ना, तुझ्यासाठी आहे."

आता एक कसा घेऊ? तुला माहीत आहे मला एक घेता येत नाही. अंगावर काटाच येतो. मी दोन बोटं दाखवली.

"दोन हवेत?" त्या हसल्या. आतून आत्या ओरडली, "हावरट कुठली! मादाम, नका लक्ष देऊ." मग आत्याच्याच लक्षात आलं, आणि आतून नुसता भांड्यांचा आवाज यायला लागला.

"तुझं नाव काय?" मादामनं विचारलं.

"झिन्सी."

"अरे! म्हणजे तू जुळी!" इथे येऊन तेवढं शिकल्यात. "दुसरी कुठे आहे?"

आई, त्यांच्या खोलीचं दार माझ्यासमोर होतं. दाराच्या आत बॅग. मी म्हटलं, "लाकडं आणायला गेलीये." दुसरं काय म्हणणार? गेलेल्या जुळ्याबद्दल असंच म्हणतात, तो दुसरा शब्द उच्चारत नाहीत.

त्या आत गेल्या आणि आणखी एक साबण घेऊन आल्या. "आली की तिला दे."

मी साबण घेऊन पळाले. विचारायचं होतं, मादाम, कुठून आणलीत? कुणी दिली? विकणारी बाई उंच होती का, तिच्या हनुवटीवर तीळ होता का? एवढे शब्द ओळीनं माझ्या तोंडातून कधी निघालेत?

आत्याला मी काहीच सांगितलेलं नाही. ती तुला आधीच काय काय म्हणते. त्यात हे कळलं तर.

झिन्सी


गुरुवार

आई,

सगळ्यांना कळलं.

तेल. मी तेलाचा विचारच केला नाही. भूक आधी, बाकी सगळं मग, असं आपल्या घरात. टॉवेलावर लाल डाग, टॉवेलातून मादामच्या पांढऱ्या सदऱ्यावर, सदऱ्यातून कुठल्याशा पुस्तकावर. सकाळी त्या अंगणात आल्या, एका हातात सदरा, दुसऱ्या हातात टॉवेलातली चेतू, आणि तोंड लालबुंद.

"मादाम कोसिबा! कुणीतरी माझ्या बॅगेत तेल ओतलंय! हे काय आहे? बीन्स? माझ्या बॅगेत बीन्स?"

आत्या झाडू घेऊनच धावली. "झिन्सी! चार नंबर तू करतेस ना? बोल! या घरातून आजवर पाहुण्याची सुईसुद्धा हरवली नाही, आणि तू... बोल की! जीभ गिळलीस का?"

मी भिंतीला चिकटले. तीन नंबरातली दोन पोरं चहाचे कप घेऊन बाहेर आली बघायला. आत्यानं माझा दंड धरला आणि तेवढ्यात मादामनं टॉवेल झटकला.

आत्याच्या हातातला झाडू पडला.

मी आत्याला असं कधी बघितलं नाही. राखाडीच झाली एकदम. गुडघ्यांवर बसली, वाळूत, पाहुण्यांसमोर. दोन्ही हात जमिनीला लावले. हळूच म्हणाली, "चेतू? तू कधी आलीस बाळा?"

मादाम म्हणाल्या, "कुणाशी बोलताय?"

"तुमच्या हातात कोण आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"ही बाहुली? मी विकत घेतलीये."

"विकत!" आत्या उठली. आवाज परत आला होता, आणि कसला आला! "माझी भाची आहे ती! माझ्या भावाची लेक! ही झिन्सी बघा आणि ती बघा. एका पोटातून आल्यात दोघी. आणि तुम्ही तिला बुटांत ठेवता? बुटांत? तरी म्हटलं ही पोरगी परवापासून पालीसारखी भिंतीला का चिकटतेय! वर एकटीची म्हणून खोली घेतलीत आणि दोघी झोपताय!"

तीन नंबरातलं एक पोरगं फिसकन हसलं. आत्यानं नुसतं बघितलं, पोरगं कपासकट आत गेलं.

मादामना काही कळेना. खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, कोतोनूत हस्तकलेच्या दुकानाबाहेर एक माणूस विकत होता. बाई नव्हती, माणूस. तो म्हणाला, ही खरी जुनी आहे, बघा, वापरून गुळगुळीत झालीये. प्रार्थनाघरवाले लोकांकडून असल्या वस्तू आणून जाळतात, ही आगीतून वाचलेली. पाय बघा, म्हणाला.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे. आम्ही दोघींनी तुझं नाव घेतलं नाही.

"मला वाईट वाटतंय," मादाम म्हणाल्या. "पण मी ती रीतसर घेतलीये. माझ्या घरी ती नीट राहील. काचेच्या कपाटात ठेवणार आहे, एकही ओरखडा येऊ देणार नाही."

"कपाटात!" आत्या म्हणाली. "पोरीला!"

तेव्हा मी बोलले. काय झालं मला कळलं नाही. आधी पुटपुटले तर मादाम म्हणाल्या, काय? मग मोठ्यानं म्हटलं, "तिला न्यायचं तर मलापण न्या. आम्हाला वेगळं करायचं नसतं. एकदा केलं तर हे असं झालं."

मादाम चेतूला घेऊन खोलीत गेल्या आणि कडी लावली. आत्या दाराबाहेर बसून राहिली, मांडीवर हात ठेवून, जशी बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात.

प्रार्थनाघर कसलं गं आई? तू कुठल्या प्रार्थनाघरात जातेस?


गुरुवार, दुपार

वरचं पत्र बंद करणार होते, तेवढ्यात रॉद्रिगदादा आला. तू आहेस.

तू आहेस. हे मी दोनदा लिहिलं कारण सगळ्यात आधी मला तेवढंच ऐकू आलं. बाकीचं नंतर.

दादा अंगणात आला, टोपी काढली, पाणीपण प्यायला नाही. म्हणाला, "झिन्सी, तुझ्या आईनं पत्र उभ्यानंच वाचलं. वाचता वाचता खाली बसली. डोक्यावरची टोपली कलंडली, पाव सगळे वाळूत. पोरं उचलून पळाली, तिनं त्यांना शिवीपण दिली नाही. मला विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हटलं, तुझ्या लेकीनं. तर म्हणाली, नाही, कुणीतरी माझी थट्टा करतंय, चेतूला मी माझ्या हातानं आगीत ठेवलंय."

दादानं सांगितलेलं सगळं लिहिते, चुकत असेल तर सांग. तू खूप आजारी होतीस. प्रार्थनाघराच्या बाया तुला भाकरी द्यायच्या. त्यांचा पास्टर म्हणाला, हे लाकूड तुझं रक्त पितंय, आण ते, नाहीतर आम्हीही हात लावणार नाही. आणि तू नेलंस. माळ सोडून घेतलीस आणि तिला ठेवलंस. आणि आग पेटल्यावर तोंड फिरवलंस, शेवटपर्यंत बघितलं नाहीस.

बघितलं असतंस तर कुणीतरी तिला निखाऱ्यांतून ओढून काढताना दिसलं असतं.

विकलं असतंस तर मी रागावले असते. मला वाटतं तेवढं मला जमलं असतं. पण जाळलं, याचं काय करायचं? मी बसलेय, समोर साबण आहेत दोन, आणि मी पेन धरून नुसती बसलेय. मला सोडून जिला नेलंस, तिला. म्हणजे माझी जागा तिच्याही खालची होती की वरची? मला कळत नाही. जो चोर तिला विकून जेवला, त्याला मी शिव्या देऊ की पाया पडू?

दादा म्हणाला, तू विचारलंस, "झिन्सी कशी आहे?" तो म्हणाला, "होती तशीच, मुखदुर्बळ." तर तू म्हणालीस, "एकीला जाळल्यावर दुसरीला तोंड कसं दाखवू, म्हणून गेले नाही." आणि पाव न घेताच निघून गेलीस.

आत्या सगळं ऐकत होती. तिनं तुला शिवी दिली नाही. आत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच.


शनिवार

आई,

काल लिहिलं नाही. काल सगळी गल्ली आपल्या अंगणात होती.

आत्यानं कुणाला सांगितलं नाही म्हणते, पण कोपऱ्यावर कसाव्याचा रवा विकणाऱ्या गारीवालीला सांगितलं, म्हणजे बाजारालाच सांगितलं. बायका यायला लागल्या. चार नंबरच्या दारासमोर दोन दोन गोळ्या, दोन दोन केळी, दोन दोन बिस्किटं. मासेवाली दाराला तोंड लावून म्हणाली, "चेतूबाई, माझ्या सुनेकडे लक्ष ठेवा गं, सातवा लागलाय." मादाम आतून, "कोण आहे?" मासेवाली म्हणते, "तुम्ही नाही हो, दुसऱ्या बाई."

मादामनी जेवण खोलीतच मागवलं. मी घेऊन गेले. दार थोडं उघडलं. चेतू टेबलावर उभी होती, बुटांत नाही. दोघींचं ताट आणलंय का, असं त्यांनी विचारलं नाही, पण मी दोघींचं आणलं होतं. त्यांनी बघितलं आणि ठेवून घेतलं.

आज सकाळी त्या बॅग घेऊन फाटकाबाहेर आल्या. रॉद्रिगदादाची गाडी उभी. दादा उतरला, बॅगेकडे बघितलं, म्हणाला, "ती आहे का आत?"

"हो."

"मग माफ करा मादाम. माझ्या घरी जुळे आहेत. संध्याकाळी दोघं विचारतील, बाबा, आज कुणाला नेलं? काय सांगू?"

त्यांनी भाडं नेणाऱ्या झेमीवाल्याला हात केला. तो मोटारसायकल थांबवून म्हणाला, "तुम्हाला नेतो. तिला नाही. तिला विचारलंय का जायचंय का?" दुसरा म्हणाला, "मी नेईन." सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा म्हणाला, "म्हणजे, पेट्रोल भरून येतो," आणि गेला तो गेलाच. नाक्यावरची मोठी टॅक्सी बोलावली, त्यानं काच खाली केली, ऐकलं, काच वर केली.

मादाम वाळूत बॅगेवर बसल्या. ऊन चढत होतं. पोरं भोवती. कुणी त्यांना वाईट बोललं नाही आई, खरंच. एकीनं पाणीपण आणून दिलं. दोन ग्लास. मादामनी दोन्ही ग्लासांकडे बघितलं आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

मग उठल्या. बॅग उघडली. तिला टॉवेलासकट बाहेर काढलं आणि माझ्यासमोर आल्या. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाल्या, "मला वाटलं मी एक वस्तू घेतली." मग म्हणाल्या, "साबण दोघींनी वापरा हं."

मी हात पुढे केले. आत्यानं ते खालून धरले. दादानं न विचारता बॅग टपावर टाकली आणि गाडी सुरू केली. आत्यानं धावत जाऊन मादामना चवळीचा डबा दिला, त्यांचे राहिलेले पैसे परत करायला लागली, त्यांनी घेतले नाहीत, यावर दोघींचं भांडण झालं आणि गाडी गेली.

मी तिला लिंबाच्या साबणानं न्हाऊ घातलं. पाय काळा तो काळाच आहे. तो जाणार नाही.

हे पत्र दादाकडे देणार होते. त्यानं मघाशी निरोप पाठवला, तुझी आई उद्या माझ्या गाडीत आहे.


रविवार, दुपार

आई,

तू भिंतीपलीकडे आहेस. सात नंबरात. तरी लिहितेय, कारण तोंडानं मला येणार नाही.

तू फाटकात उभी राहिलीस. मला वाटलं होतं तू उंच असशील. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हवंय?" तू म्हणालीस, "वन्सं..." आत्या म्हणाली, "पाहुण्यांना खोल्या आहेत. घरच्यांना जागा नाही." मला वाटलं तू परत फिरशील. तू म्हणालीस, "मग खोली द्या." आत्यानं सात नंबरची किल्ली दिली, संडासाजवळची, जिथला पंखा फक्त खडखडतो. पण उशीचा अभ्रा तिनं स्वतः बदलला, मी बघितलं.

मी जिन्याखाली होते. तू हाक मारलीस. मी बाहेर आले तर तू पिशवीतून कापड काढलंस, निळं, पिवळ्या पक्ष्यांचं. म्हणालीस, "तुझ्यासाठी आणलंय. केवढी झालीस." आणि मी घ्यायला वाकले तेव्हा माझ्या लुगड्यातून तिचं डोकं वर आलं.

तू किंचाळलीस ते अजून माझ्या कानात आहे. तीन नंबरातली पोरं बाहेर आली, मांजरं पळाली. पत्र वाचूनही तुझा विश्वास बसला नव्हता ना? तू हात पुढे केलास तिला धरायला आणि मी मागे सरकले. मला सरकायचं नव्हतं. पाय सरकले. तू तुझ्या हाताकडे बघितलंस, मग कापडाकडे. कापड एकच होतं. ते मला दिसलं, आणि मला दिसलं की तुलाही दिसलं. तू कापड छातीशी धरून सात नंबरात गेलीस आणि दार लावलंस.

आता सगळे झोपलेत, ऊन फार आहे. आत्या झोपल्याचं सोंग करतेय. मी माझ्या खोलीत आहे, मांडीवर चेतू.

मला भांडायचं नाही. तू आजारी होतीस, तुला खायला नव्हतं, तिकडे तुझ्याजवळ कुणी नव्हतं, हे मी घोकतेय आणि मला ते पटतंपण. पण तिच्या पायाकडे बघितलं की सगळं विसरते. म्हणून असं ठरवलंय. माझ्या एकटीसाठी आणलेलं मी घेणार नाही. तू त्या कापडाचे दोन भाग कर. एकीला एक, दुसरीला एक. केलेस तर संध्याकाळी मी चवळी शिजवेन, आपण तिघी बसू, तिला तू भरव, ती तोंड फिरवते का बघू. नाही केलेस तर दादाची गाडी चारला निघते. मी हे तुझ्या दाराखालून सरकवतेय आणि

थांब.

आई, आत्ता भिंतीपलीकडून आवाज आला. आधी दातांनी तोडल्यासारखा, बारीक. मग लांबलचक, कापड उभं फाटत गेल्याचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी तर अजून पत्र दिलंच नाही.

चेतूनंपण ऐकलं. आम्ही दोघी येतोय, दोन्ही तुकडे सारखे आहेत का बघायला.

झिन्सी